पंप नवा, स्टीअरिंग तेवढंच जड: खानापूर भागातल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी सात आसनी, डिझेल, २०१२ची, केए २२ पासिंग, १,३८,००० किलोमीटर पळालेली. जांबोटी ते बेळगाव रोजची ये-जा आणि मध्येच गोव्याचं भाडं लागलं की कणकुंबीवरून चोर्ला घाट. स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा व्हेन पंप, त्याच्या वरच्या बाजूला प्लास्टिकची ऑइल डबी आणि खाली पुढच्या चाकांमध्ये आडवा रॅक, म्हणजे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा.

मार्चपासून पार्किंगला लावताना पंप आवाज करत होता. पावसाळा सुरू झाल्यावर स्टीअरिंग जड झालं. जुलैअखेर एका गॅरेजमध्ये रिकंडिशन पंप बसवला, पट्टा नवा घातला, एक लिटर लाल ऑइल भरलं. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवसापासून पुन्हा तेच. ऑगस्टच्या मध्याला गाडी दुसरीकडे तपासणीला आली तेव्हा मालकाच्या मनात रॅक बदलायची तयारी झालेली होती, कारण पंप तर नवाच होता.

ड्रायव्हरचं म्हणणं असं: "सकाळी लय जड येऊलालंय, गाडी तापली की जरा बरं. गाडी लावताना कुंथतंय. आणि काट मारून सोडलं तर स्टेरिंग परत येत न्हाई."

या तीन वाक्यांत निम्मं निदान होतं (काट म्हणजे स्टीअरिंग पूर्ण टोकापर्यंत फिरवणं). सकाळी जड आणि नंतर हलकं, म्हणजे थंड, घट्ट ऑइल कुठेतरी अडतंय. कुंथणं म्हणजे पंपाला ऑइल पुरत नाही किंवा ऑइलात हवा आहे. वळणानंतर चाक आपोआप सरळ न होणं मात्र या दोन्हींत बसत नाही. हायड्रॉलिक मदत कमी पडली तर स्टीअरिंग फिरवायला जड जातं, पण रस्त्यावर पळत्या गाडीचं चाक कॅस्टरमुळे, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाला दिलेल्या कलामुळे, सरळ यायला बघतंच. ते येत नसेल तर कुठेतरी धातूला धातू घासतोय. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच शंका आली की इथे एक नाही, दोन बिघाड आहेत. दोघांची लक्षणं एकमेकांत मिसळली की जो भाग सगळ्यात महाग तोच आधी बदलला जातो.

आणखी तीन गोष्टी विचारून घेतल्या. दोन्ही बाजूंना सारखंच जड आहे का? हो, सारखंच. हळू फिरवलं तर जमतं आणि झटक्यात फिरवलं की अडतं, असं होतं का? होतं, विशेषतः घाटातल्या उलट्या वळणांवर मध्येच दगड लागल्यासारखं होतं. डबीत ऑइल वारंवार घालावं लागतं का? नाही, गळती कुठेच नाही. हे शेवटचं उत्तर पुढे उपयोगी पडलं.

आधी साधं

पुढच्या टायरांत डावीकडे २४ आणि उजवीकडे २२ पीएसआय हवा होती. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ३२ लिहिलेलं. टायर मूळ मापाचे होते, रुंद घातलेले नव्हते. हवा भरण्याआधी आणि भरल्यानंतर स्टीअरिंगचा जोर मोजला.

जोर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. बाजारात भाजीची पोती तोलायला जो लटकता स्प्रिंगकाटा मिळतो तो पुरतो. स्टीअरिंगच्या कड्याला, आऱ्याजवळ, सुतळीचा फास घालायचा, काट्याचा आकडा त्यात अडकवायचा आणि कड्याला स्पर्शरेषेत, म्हणजे ज्या दिशेने कडं फिरणार त्याच दिशेने सावकाश ओढायचं. गाडी कोरड्या सिमेंटच्या सपाट जमिनीवर, इंजिन आयडलिंगला, चाकं सरळ. चाक फिरायला लागल्यावर काटा किती दाखवतो ते बघायचं, सुरुवातीचा झटका धरायचा नाही. या वर्गाच्या गाडीत ३ ते ४ किलो आला तर स्टीअरिंग ठीक आहे. इथे आला ७, आणि ठरावीक जागी तो उडी मारून ९ वर जात होता. हवा ३२ केल्यावर ६ आणि ८. म्हणजे हवेने एक किलो कमी झाला, बाकी दुखणं तसंच. पण ही पायरी गाळू नये. हवा न बघता पुढचं मोजमाप केलं तर सगळे आकडे फसवे येतात.

पट्टा नवा आणि नीट ताणलेला होता. दोन पुलींच्या मध्ये १० किलोच्या दाबाला साधारण १० मिलिमीटर दबत होता, काच आल्यासारखी चकाकी नव्हती, पुल्या एका रेषेत होत्या. पट्टा सोडून पुढे गेलो.

ऑइल काय सांगतं

डबीचं झाकण काढून काडी बुडवली आणि थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगमध्येही वापरतात ते ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल, नवं असतं तेव्हा लालभडक दिसतं. दोन आठवड्यांपूर्वी भरलेलं हे ऑइल चहासारखं तपकिरी होतं, जळका वास होता, आणि कागदावर पसरलेल्या डागात काळे बारीक कण राहिले. कण बोटांत चुरले तर काजळीसारखे पसरत होते, टोचत नव्हते. म्हणजे ते रबर होतं. धातूचा चुरा असता तर उन्हात चमकला असता आणि चुंबकाला लागला असता. चमक होती, पण अगदी थोडी.

इंजिन चालू असताना डबीत दुधाळ फेस दिसत होता. मग एक छोटी पण फार उपयोगी चाचणी केली. इंजिन चालू असताना ऑइलची पातळी डबीवर पेनाने खुणावली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा बघितलं. पातळी १२ मिलिमीटर वर आली. इंजिन चालू असताना ऑइलात मिसळलेली हवा दाबाखाली आकसलेली असते, बंद केलं की ती फुगते आणि ऑइल वर ढकलते. ५ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर चालतं, त्याहून जास्त म्हणजे सिस्टीम हवा ओढतेय.

हवा ओढते पण बाहेर गळत नाही, हे पंपाच्या ओढीच्या बाजूलाच होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा डबी ते पंप यांच्यामधल्या सक्शन पाईपवर. पंपाच्या पुढे सगळीकडे दाब आहे, तिथे फट असेल तर ऑइल बाहेर येतं. सक्शनच्या बाजूला पंप ओढत असतो, तिथली फट हवा आत घेते आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही. "गळत नाही म्हणजे पाईप चांगला आहे" हे गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं आणि सक्शन पाईपच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे.

चाकं उचलून

हायड्रॉलिक आणि मेकॅनिकल वेगळं करायची ही पायरी आहे. पुढचा भाग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, इंजिन बंद. चाकं हवेत असताना स्टीअरिंग एका हाताने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखं फिरायला हवं. ऑइल इकडून तिकडे ढकलावं लागतं म्हणून थोडा चिकट अडथळा जाणवतो, तो सगळीकडे सारखा असतो.

इथे तो सारखा नव्हता. काटा २ किलो दाखवत होता आणि दर अर्ध्या फेऱ्याला ४.५ वर जात होता. अर्ध्या फेऱ्याला एकदा, म्हणजे एका फेऱ्यात दोनदा घट्ट होणं ही स्टीअरिंग शाफ्टच्या कोनातल्या जोडाची, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटची, गॅरेजच्या भाषेत क्रॉसची, सही आहे. क्रॉसचा एक अक्ष गंजून अडकला की स्टीअरिंग प्रत्येक १८० अंशांना त्याच जागी अडतं. बॉल जॉइंट अडकला असता तर घट्टपणा असा दर अर्ध्या फेऱ्याला आला नसता. रॅक जास्त कसलेला असता तर सलग जड लागला असता.

खात्री करायला खालच्या जॉइंटचा पिंच बोल्ट, म्हणजे जोड आवळून धरणारा बोल्ट, काढून शाफ्ट रॅकच्या पिनियनवरून, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकावरून, सोडवला. त्याआधी तीन कामं केली: चाकं सरळ, जॉइंट आणि पिनियनच्या दात्यांवर पांढऱ्या रंगाची खूण, आणि स्टीअरिंग सीटबेल्टने सीटला बांधून ठेवलं. शाफ्ट सुटल्यावर कोणी स्टीअरिंग दोन-तीन फेरे फिरवलं तर एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते, आणि मग जड स्टीअरिंगच्या जोडीला एअरबॅगचा दिवा मिळतो. बॅटरीची वायरही काढून ठेवली होती. पिनियन सोडवल्यावर रॅक पान्याने एकसारखा फिरला. जॉइंट हातात घेतला तर एका अक्षावर हलका आणि दुसऱ्यावर चिमट्यानेही हलेना. कपाच्या कडेला लाल गंज होता.

गंज आला कुठून तेही सापडलं. शाफ्ट जिथे केबिनच्या पत्र्यातून बाहेर येतो तिथला रबरी बूट एका बाजूने फाटला होता. खाली तांबड्या मातीचा थर होता. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर गाडी पाण्यातून आणि चिखलातूनच जाते, आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी बरोबर त्याच जागी आपटतं. ज्या गाड्या फक्त बेळगाव शहरात किंवा निपाणी-संकेश्वर हायवेला फिरतात त्यांच्यात हा क्रॉस वर्षानुवर्षं टिकतो.

टायरॉड एंड, लोअर बॉल जॉइंट आणि स्ट्रटचं वरचं बेअरिंग ठीक निघालं.

दाब आणि प्रवाह

आता हायड्रॉलिक. पंपाच्या बाहेरच्या बँजो बोल्टपाशी (आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) दाबाचा गेज आणि बंद करायचा व्हॉल्व्ह मध्ये घातला. गेज निदान १५० बारचा हवा. अडॅप्टर तयार मिळाला नाही तर बेळगावात अडचण नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिक फिटिंगचं काम करणारी लेथ वर्कशॉप आहेत, जुना बँजो बोल्ट नमुन्याला दिला की आटे जुळवून देतात. कॉपर वायसर मात्र प्रत्येक वेळी नवे घालावेत. वापरलेला वायसर ८० बारला रडतोच.

ऑइल ५० ते ६० अंशांना आणलं, इंजिन आयडलिंगला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, स्टीअरिंग सरळ, तेव्हा ५ बार. हे योग्य. मग व्हॉल्व्ह बंद करून लगेच आकडा बघायचा आणि उघडायचा, पाच सेकंदांच्या वर बंद ठेवायचा नाही, नाहीतर पंप स्वतःच्याच उष्णतेने जळतो. असं तीनदा करायचं. चांगल्या पंपात तिन्ही आकडे जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या ठरलेल्या दाबाजवळ, इथे ८० ते ९० बार, आणि एकमेकांपासून साडेतीन बारच्या आत यायला हवेत.

आले ते असे: ६२, ४८, ५५. सुई थरथरत होती.

बहुतेक जण इथे थांबतात. कमी दाब, म्हणजे पंप गेला, म्हणजे हा रिकंडिशन पंप खराब निघाला, दुसरा मागवा. पण झिजलेला पंप साधारण सारखाच कमी आकडा तिन्ही वेळा देतो. आकडे इतके विखुरलेले आणि सुई थरथरती असेल तर पंपात ऑइलाबरोबर फेस जातोय. हवा दबते, ऑइल दबत नाही, म्हणून प्रत्येक वेळी वेगळा दाब.

इथे एक बारकावा आहे, तो माहीत नसेल तर माणूस उलट्या बाजूने फसतो. व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचं ऑइल पंपाच्या आतल्या आतच फिरतं, डबीतून नवीन ऑइल जवळजवळ येत नाही. त्यामुळे डबीची जाळी निव्वळ तुंबलेली असेल तर या चाचणीत दाब छान येऊ शकतो आणि रस्त्यावर स्टीअरिंग तरीही अडतं. तुंबलेल्या जाळीचा परिणाम दाबाच्या आकड्यात कमी आणि प्रवाहाच्या आकड्यात जास्त दिसतो. म्हणून प्रवाह वेगळा मोजावा लागतो.

त्याला लागतं अर्ध्या लिटरचं माप आणि मोबाईलमधलं घड्याळ. डबीवरचा परतीचा पाईप काढून मापात सोडला, डबीचं ते तोंड बुचाने बंद केलं, एक जण डबीत ऑइल ओतत राहिला, इंजिन आयडलिंगला. अर्धा लिटर भरायला १० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला ३ लिटर. डबी कोरडी पडू द्यायची नाही आणि पाईपचं तोंड सायलेन्सरच्या बाजूला वळू द्यायचं नाही. गरम एक्झॉस्टवर एटीएफ पडलं तर पेट घेऊ शकतं.

३ लिटर पुरतं का? हिशोब करून बघा. रॅकच्या पिस्टनचं परिणामकारक क्षेत्रफळ समजा ८ चौरस सेंटिमीटर आणि रॅकचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास १५ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण फिरवायला १२० मिलिलिटर ऑइल सिलिंडरात जायला हवं. ड्रायव्हरने दोन सेकंदांत ते फिरवलं तर सेकंदाला ६० मिलिलिटर, मिनिटाला ३.६ लिटर. पंप ३ देतोय. हळू फिरवलं तर ऑइल पुरतं, झटक्यात फिरवलं की सिलिंडर मागतो आणि पंपाकडे नसतं. त्या क्षणी हातात दगड लागतो. उलट्या वळणावरचा तो दगड हाच.

डबी बाजूला ठेवून पाहिलं

पंप दोषी की पंपाला मिळणारं ऑइल, हे ठरवायला डबी आणि सक्शन पाईप दोन्ही तात्पुरते बाहेर काढले. तीन लिटरचा स्वच्छ कॅन, तळाला तोटी, बॉनेटला पंपापेक्षा फूटभर उंच टांगलेला, आणि त्यातून पंपापर्यंत मूळ आतल्या व्यासाचा नवा ऑइलचा पाईप. इंजिन बंद ठेवून, चाकं उचललेली, स्टीअरिंग इकडून तिकडे फिरवत जुनं ऑइल परतीच्या पाईपातून वेगळ्या बादलीत काढलं. ऑइल लाल यायला लागल्यावर परतीचा पाईप त्याच कॅनमध्ये सोडला. त्याचं टोक ऑइलाच्या पृष्ठभागाखाली आणि तोटीपासून लांब ठेवलं, म्हणजे धार पडून नवीन फेस होत नाही.

आता तेच माप, तोच पंप. अर्धा लिटर साडेचार सेकंदांत, म्हणजे मिनिटाला साडेसहा लिटरांच्या वर. व्हॉल्व्ह बंद करून दाब: ८२, ८३, ८२. सुई स्थिर. कुंथणं बंद.

पंप चांगला होता. दोन आठवडे फेस खाऊन तो वाचला हे त्याचं नशीब.

त्याच जोडणीवर रॅकही तपासला. व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टीअरिंग डावीकडे पूर्ण काट, तीन-चार सेकंद धरून आकडा घेतला: ८० बार. उजवीकडे ७९. पंप बंद व्हॉल्व्हवर जेवढा दाब देतो तेवढाच दोन्ही काटांवर मिळतोय, म्हणजे रॅकच्या आतलं सील ऑइल सोडत नाही. एका बाजूला ८० आणि दुसऱ्या बाजूला ४५ आला असता तर रॅक उघडावा लागला असता. मालकाने मनात धरलेला रॅकचा खर्च या दोन आकड्यांनी वाचला.

डबीत आणि पाईपात काय निघालं

डबीच्या तळाला प्लास्टिकची बारीक जाळी असते. ती डबीतच वितळवून बसवलेली असते, सुटी मिळत नाही. टॉर्च मारून पाहिलं तर जाळीवर काळा, चिकट साका होता, तीन चतुर्थांश भाग झाकलेला. थंड सकाळी घट्ट ऑइल त्या उरलेल्या पावभर जाळीतून जात नव्हतं, तापल्यावर पातळ होऊन थोडं जास्त जात होतं.

सक्शन पाईप हातात घेतल्यावर पंप बदलूनही चार दिवसांतच दुखणं का उलटलं ते कळलं. पंप बदलताना जुना पाईप कडक होऊन तडकला होता, म्हणून त्या जागी हीटरच्या पाण्याच्या पाईपचा तुकडा कापून घातला होता. दिसायला दोन्ही काळे, जाडी सारखी, माप बरोबर. पण पाण्याचा पाईप सहसा ईपीडीएम रबराचा असतो. ते रबर गरम पाणी आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, खनिज तेलात मात्र स्पंजासारखं फुगतं. ऑइलच्या पाईपचं आतलं रबर सहसा नायट्राईलचं असतं. इथला तुकडा टोकाला बोटाने दाबला तर आत जात होता, क्लिपखालून सरकत होता, आणि आतली भिंत सुटून कण ऑइलात उतरत होते. क्लिपपाशी हवा आत, आतून रबर जाळीवर, आणि इंजिनचा वेग वाढला की मऊ पाईप ओढीने चपटा.

म्हणजे मूळ दुखणं, मार्चपासूनचं, बहुधा जाळीचंच होतं. पंप बदलला, एक लिटर नवं ऑइल पडलं, साका हलला, चार दिवस बरं वाटलं. तोवर नवा पाईप फुगायला लागला. जुना पंप बदल्यात देऊन टाकलेला, तो खरंच गेला होता का हे आता तपासता येणार नाही, पण आकडे न घेता तो काढला होता एवढं नक्की.

दुरुस्ती

लागलेलं सामान: जाळीसकट नवी डबी, १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा नायट्राईल अस्तराचा सक्शन पाईप ४२० मिलिमीटर, परतीचा पाईप त्याच जातीचा, नव्या क्लिपा चार, बँजोचे कॉपर वायसर दोन, खालचा स्टीअरिंग शाफ्ट क्रॉससकट, त्याचा पिंच बोल्ट, पत्र्यावरचा रबरी बूट, आणि एटीएफ ४ लिटर. सिस्टीममध्ये मावतं जेमतेम सव्वा लिटर, बाकीचं धुण्यात जातं. इथे कंजुषी केली तर नळ्यांत उरलेला साका नव्या जाळीवर जाऊन बसतो.

पाईप घेताना दुकानदाराला फक्त व्यास सांगू नये, "ऑइलचा पाईप" म्हणावं आणि पाईपवरची छापील ओळ वाचावी. त्यावर ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचा उल्लेख नसेल तर तो परत द्यावा. आणि कोणतं ऑइल ते गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. या गाडीला डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ लागतं. काही गाड्यांना हिरवं सिंथेटिक लागतं, दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. त्यातलं ग्लायकॉल रॅकची आणि पंपाची सीलं फुगवतं आणि मग सगळंच बदलावं लागतं. इंजिन ऑइल घातलं तर लगेच काही मोडत नाही, पण ते थंडीत घट्ट राहतं आणि फेस धरतं.

धुणं असं केलं. चाकं उचललेली, परतीचा पाईप बादलीत, डबीचं ते तोंड बंद. आधी इंजिन बंद ठेवून दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि डबीत ऑइल घालत राहिलो. मग इंजिन पाच-सात सेकंद चालू, बंद, ऑइल भरा, पुन्हा चालू. दोन लिटर गेल्यावर बादलीत स्वच्छ लाल धार यायला लागली, तरी आणखी अर्धा लिटर जाऊ दिलं. रॅकसमोरची थंड करणारी नळी सोडून उलट्या बाजूनेही धुतली, तिच्यातून काळं ऑइल निघालं ते वेगळंच.

हवा काढताना घाई चालत नाही. पातळी थंडच्या खुणेपर्यंत, इंजिन बंद, चाकं हवेत, सावकाश वीस वेळा पूर्ण फिरवणं, टोकाला न धरता. पातळी उतरली की भरायची. मग इंजिन चालू करून तीन वेळा सावकाश. मग बंद आणि पंधरा मिनिटं शांत. इंजिन चालू ठेवून सुरुवातीपासूनच जोरजोरात फिरवलं तर पंप हवेचे मोठे बुडबुडे फेटून त्यांचा बारीक फेस करतो, आणि तो निघायला रात्र जाते. पंधरा मिनिटांनंतर इंजिन चालू-बंद करून पातळीतला फरक बघितला: ३ मिलिमीटर.

शाफ्ट बसवताना रंगाच्या खुणा जुळवल्या. पिंच बोल्ट पिनियनच्या खाचेतून नीट गेला आहे हे डोळ्याने बघूनच टॉर्क रेंचने कसला. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा, अंदाजाने नाही. हा बोल्ट सुटला तर स्टीअरिंग फिरतं आणि चाकं फिरत नाहीत. जुन्या क्रॉसवर गंजनाशक फवारून, ठोकून सैल करायचा पर्याय मालकाने विचारला होता. तो क्रॉस आठवडाभर हलका वाटला असता, पण आतल्या सुयांच्या बेअरिंगला गंजाने खड्डे पडलेले असतात; शिवाय ठोकाठोकीत पिनियनचं बेअरिंग दुखतं. बूट न बदलता फक्त शाफ्ट बदलण्यातही अर्थ नव्हता, पुढच्या पावसाळ्यात तोच गंज आला असता. बुटाखाली वॉटरप्रूफ ग्रीसचा जाड थर दिला.

शेवटी गेज काढताना, आणि नंतरही कधी, दाबाच्या पाईपवर गळती हाताने चाचपू नये. ८० बारची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघावा.

नंतरचे आकडे

त्याच सिमेंटच्या जमिनीवर, त्याच काट्यावर: ३.२ किलो, कुठेही उडी नाही. चाकं उचलून, इंजिन बंद: १.८ किलो सलग. प्रवाह साडेसहा लिटर, दाब ८३. कणकुंबीपर्यंत जाऊन आल्यावर ड्रायव्हरने सांगितलं की काट सोडल्यावर स्टीअरिंग हातातून आपणहून सरळ येतंय. अलाइनमेंट तपासून घेतलं, टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, किंचित हलवावा लागला.

एवढ्यात एक गोष्ट सांगायला हवी, कारण सध्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. तिथे ऑइल नाही, पट्टा नाही, यातलं निम्मं लागूच होत नाही. टायरची हवा, चाकं उचलून केलेली चाचणी आणि क्रॉसची तपासणी तेवढी जशीच्या तशी करावी. त्यापुढे बॅटरीचा व्होल्टेज (इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५), मोठा फ्यूज आणि पावसाने हिरवे पडलेले अर्थिंगचे जोड बघावेत, मग स्कॅनर लावावा. जड स्टीअरिंगबरोबर पिवळा दिवा लागतोय की नाही हे तिथलं पहिलं विचारण्यासारखं.

या गाडीला पुन्हा दोनदा बोलावलं. ३०० किलोमीटरवर क्लिपा आणि पातळी बघितली, पातळीत फरक ३ मिलिमीटरच. १,५०० किलोमीटरवर डबीतलं ऑइल सिरिंजने उपसून नवं भरलं, कारण रॅकच्या कोपऱ्यांत अडकलेला साका हळूहळूच सुटतो. उपसलेलं ऑइल कागदावर टाकल्यावर लाल डागात थोडे काळे ठिपके होते, जाळी मात्र मोकळी. बूट कोरडा होता.